चार वर्षांचं बियाणं

माझी मोठी जाऊ आर्डिस टॉर्गरसन बियाण्याची पिशवी नेहमी पालथी करून बघते. पिशवीच्या दर्शनी बाजूला काय छापलंय ते ती वाचत नाही. तिथे बहुधा एक नर हरीण उभं असतं, डोक्यावर झाडाएवढी शिंगं आणि मागे सूर्योदय. आर्डिस पिशवी उलटी करते, तळाशी शिवलेली चिठ्ठी डोळ्यांजवळ नेते आणि बी-बियाणं विकणाऱ्या मिलमधल्या जेरोल्डला म्हणते, "यात निम्मं नुसतं राय गवत आहे की रे. वर हरीण, आत गवत."

"लोक हरणाकडे बघून नेतात, आर्डिस."

"माहीत आहे. त्यातले तिघं माझ्याच टेबलावर जेवतात."

ते तिघं म्हणजे तिचा नवरा वेंडेल, मधला दीर क्लेटन आणि धाकटा लायल, म्हणजे माझा नवरा. सासऱ्यांची ऐंशी एकर जमीन तिघांच्या नावावर आहे, पण तिथे राहतात फक्त वेंडेल आणि आर्डिस. आम्ही बाकीचे शहरातून येतो, चार जुलैला दोन दिवस आणि नोव्हेंबरात शिकारीचे नऊ दिवस. टेकडीवर दोन एकरांचा एक मोकळा तुकडा आहे, त्याच्या कडेने तीन मचाणं, प्रत्येक भावाचं एक. मका ओतून हरणं बोलवायला आमच्या काउंटीत बंदी आली, तेव्हापासून वरच्या तुकड्यात हरणांसाठी चारा पेरायचा असं ठरलं. ठरवलं तिघांनी.

पहिली काही वर्षं वेंडेल ट्रॅक्टर घेऊन जायचा. मग त्याचा एक गुडघा बदलला, मग दुसरा. तो खुर्चीत बसून बियाण्यांचे कॅटलॉग वाचायला लागला आणि पेरणी आर्डिसकडे आली. कुणी तिला सांगितलं नाही, तिनेही मागितली नाही. घरातली कामं अशीच सरकत येतात. एक दिवस बघावं तर ती आपल्याच हातात असतात.

आर्डिस याच खोऱ्यातल्या दुधाच्या गोठ्यात वाढलेली. विसाव्या वर्षी लग्न झालं, तीन मुली झाल्या, त्या तिन्ही आता लांब आहेत. शाळेच्या स्वयंपाकघरात तिने एकतीस वर्षं काढली. पहाटे साडेचारला उठायचं आणि पावणेतीनशे मुलांचं जेवण रांधायचं. निवृत्तीच्या समारंभात शाळेने तिला भिंतीवरचं घड्याळ दिलं. ती मला म्हणाली, "एवढी वर्षं घड्याळाकडे बघून काढली, आता हे घरी टांगू?" घड्याळ अजून खोक्यातच आहे. उजवा खांदा मात्र ती शाळेतून कायमचा घेऊन आली. मोठी पातेली उचलून उचलून तो असा झालाय की केस विंचरताना तिला मान हाताकडे न्यावी लागते.

ही गोष्ट सुरू झाली दोन वर्षांपूर्वीच्या फेब्रुवारीत. दर फेब्रुवारीत एका शनिवारी तिघं भाऊ आर्डिसच्या टेबलाभोवती बसतात आणि यंदा काय पेरायचं यावर भांडतात. बियर असते, हरणाच्या मांसाचं सॉसेज असतं, चीज असतं. बाहेर गुडघाभर बर्फ आणि आत तिघांच्या डोक्यात हिरवंगार शेत.

"टर्निप," कॅटलॉगमधल्या सलगमाच्या गड्ड्यांवर बोट ठेवत क्लेटन म्हणाला. "थंडी पडली की टर्निप गोड होतात. हरणं वेडी होतात त्यांच्यासाठी."

"टर्निप गेल्या दशकात गेले," लायल म्हणाला. तो फोनवर वाचून आला होता. "आता चिकोरी. मुळं चार चार फूट खोल जातात. प्रथिनं बघ किती. शिंगं वाढतात त्याने."

"चिकोरीची मुळं भाजून आजी कॉफीत घालायची," वेंडेल म्हणाला. "तिला कुठे शिंगं आली?"

"तुला आठवत नसेल," क्लेटन म्हणाला. "रागावली की दिसायची."

हसणं ओसरेपर्यंत आर्डिस सिंकपाशी उभी होती. मग टॉवेलला हात पुसत ती येऊन बसली. मला तिचं ते बसणं आठवतं, कारण त्या बैठकीत ती कधी बसायची नाही.

"टर्निप म्हणजे दर वर्षी जमीन फोडायची," ती म्हणाली. "जूनमध्ये एकदा, ऑगस्टमध्ये एकदा. वर खत. ते कोण करणार?"

कुणी सॉसेजचा तुकडा उचलला, कुणी कॅटलॉगचं पान उलटलं.

"पांढरा क्लोव्हर आणि चिकोरी," ती म्हणाली. क्लोव्हर म्हणजे मेथीसारखं तीन तीन पानांचं चाऱ्याचं पीक. "एकदाच पेरायचं. नीट राखलं तर चार वर्षं टिकतं. उन्हाळ्यात दोनदा वरून कापलं की झालं. या ऑगस्टमध्ये मी पेरीन आणि ती माझी शेवटची पेरणी. पुढची चार वर्षं मला विचारायचं नाही. चार वर्षांनी मी सदुसष्टची होईन. मग तुमचं तुम्ही बघा."

सगळ्यांनी पटकन माना डोलावल्या. लायलला वाटलं, त्याची चिकोरी जिंकली. घरी परतताना गाडीत तो अर्धा तास मुळांबद्दल बोलत होता. आर्डिसने चार वर्षांची सुट्टी मागून घेतली, हे त्याच्या लक्षात आलं नव्हतं. खरं सांगायचं तर माझ्याही उशिराच आलं.

त्या उन्हाळ्यात मी आठवडाभर तिच्याकडे होते. बियाणं आणायला तिच्याबरोबर मिलमध्ये गेले. तिने तयार पिशवी घेतलीच नाही. जेरोल्डने तराजू काढला आणि ती एकेक सांगत गेली. दोन जातींचा पांढरा क्लोव्हर, एक बुटका, तो कितीही चरला तरी जमीन सोडत नाही, आणि एक रुंद पानाचा, तो भरपूर चारा देतो. थोडा तांबडा, कारण पांढरा पहिल्या वर्षी रमतगमत येतो, तोवर जमीन झाकली पाहिजे. जेरोल्डने लाल फुलांच्या एका जातीचं नाव काढलं तेव्हा तिने मान हलवली. "ते दक्षिणेकडच्या लोकांचं. आपल्याकडे पहिल्याच थंडीत मरतं."

"लेप दिलेलं देऊ? उगवतं चांगलं."

"त्यात तिसरा हिस्सा माती असते, जेरोल्ड. माती टेकडीवर वाहून न्यायची तर ती तिथेच आहे. साधं दे. जिवाणूंची पूड वेगळी दे, मी घरी चोळीन."

चिकोरी तिने एकरी दोन पौंडच घेतली. मी विचारलं, "लायलला कळलं तर म्हणेल एवढीशीच का?"

"जास्त झाली की क्लोव्हरला दाबून टाकते. पण पाहिजेच. वर टेकडीवर माती बोटभर आहे, ऑगस्टमध्ये भाजून निघते. क्लोव्हर तेव्हा आडवा पडतो. चिकोरी उभी असते." मग पिशवीचं तोंड बांधत म्हणाली, "ऑगस्टमध्ये कुणीतरी एक उभं लागतं."

जमीन तिने आधीच तयार केली होती. दोनदा गवत मारलं होतं आणि चाळीस पोती चुना चारचाकी बाइकवरून चार चार करून वर नेला होता. पेरणीच्या दिवशी मी तिच्यामागून चालले. बी खसखशीएवढं, त्यात वाळू मिसळलेली. पेरायचं यंत्र म्हणजे गळ्यात अडकवायची कापडी पिशवी आणि खाली हाताने फिरवायचा दांडा. दांडा उजव्या हाताने फिरवतात. ती डाव्याने फिरवत होती आणि त्यासाठी अंग वाकडं करून चालत होती. दोन एकर आधी उभे, मग आडवे. शेवटी बाइकची चाकं वरून फिरवून तिने बी नुसतं दाबलं.

"माती नाही ओढायची वर?" मी विचारलं.

"पाव इंचापेक्षा खाली गेलं की ते परत वर येत नाही. एवढ्याशा बीमध्ये दम किती असणार."

खाली आल्यावर ती व्हरांड्याच्या पायरीवर बसली आणि बराच वेळ बूट काढले नाहीत. "झालं," म्हणाली. "चार वर्षं."

पुढचा वसंत छान गेला. एप्रिलमध्ये तुकडा मेथीच्या वाफ्यासारखा भरून आला. हरणं संध्याकाळी उजेड असतानाच बाहेर यायला लागली. आर्डिसने फोनवर मला सांगितलं की ती सात वाजेपर्यंत झोपते आणि तीन आठवड्यांत एकदाही वर गेली नाही. जुलैच्या मध्याला ती डुलुथला बहिणीकडे जाणार होती, पंधरा दिवस. लग्नानंतर ती एवढे दिवस घराबाहेर राहिली नव्हती. तिने एक बॅगही आणली, चाकांची, निळी.

चार जुलैला आम्ही चौदा जण तिच्याकडे होतो. सकाळी ती बटाट्याच्या सॅलडसाठी अंडी सोलत होती, मी कांदा चिरत होते. लायल लवकर उठून क्लेटनचा फवारणीचा पंप घेऊन कुठेतरी गेला होता. दहाच्या सुमारास घामाघूम होऊन आला आणि दारातूनच म्हणाला, "आर्डिस, तुझं काम हलकं करून आलो."

"कोणतं काम?"

"वर तण किती माजलं होतं! कमरेएवढं, निळ्या फुलांचं. सगळं मारलं. घाबरू नकोस, क्लोव्हरला काही होत नाही. डब्यावर स्पष्ट लिहिलंय."

आर्डिसच्या हातात अर्धं सोललेलं अंडं होतं. "निळ्या फुलांचं."

"हो गं, रस्त्याच्या कडेला असतं ना, तेच."

"लायल, ती चिकोरी."

"छे. चिकोरीची पानं लांबट असतात, सॅलडच्या पानांसारखी. मी फोटो पाहिलेत ना."

"तो पहिल्या वर्षीचा फोटो. दुसऱ्या वर्षी ती दांडा टाकते, फुलावर येते. मी परवा वरून कापणार होते. कापली की परत पानं धरते."

लायल माझ्याकडे बघायला लागला, जणू मी काही वेगळं सांगेन. मी कांद्याकडे बघितलं. दीड वर्ष तो ज्या झाडाबद्दल बोलत होता, ते समोर कमरेएवढं उभं राहिलं तेव्हा त्याने विष मारलं होतं. खुर्चीतून वेंडेल म्हणाला, "पाऊस आला तर धुऊन जाईल का?"

"नाही," आर्डिस म्हणाली आणि अंडं सोलून पूर्ण केलं.

"बरं, मग ऑगस्टमध्ये आपण परत पेरून टाकू," लायल म्हणाला. "त्यात काय एवढं!"

त्या घरात 'आपण' म्हणजे कोण, हे सगळ्यांना ठाऊक होतं. आर्डिसने मोहरीची बाटली उघडली. सॅलड नेहमीसारखंच चांगलं झालं होतं, लायलने दोनदा घेतलं. मला त्याचा राग आला तो त्या दुसऱ्या वाढणीचा.

आठवडाभरात चिकोरी पिळवटून वाळली. आर्डिस डुलुथला गेली, पण सहाव्या दिवशी परत आली. वेंडेलला त्याच्या औषधाच्या गोळ्यांचा डबा सापडत नव्हता. ऑगस्ट कोरडा गेला. टेकडीवरचा क्लोव्हर आडवा झाला, उभं राहायला दुसरं काही नव्हतं. हरणं खाली शेजाऱ्याच्या सोयाबीनमध्ये गेली. क्लेटनचे फोन सुरू झाले. वेंडेल स्वतः मिलमध्ये जाऊन एक पिशवी घेऊन आला, हरणाच्या चित्राची, आणि व्हरांड्यात ठेवली. त्याने मला फोनवर सांगितलं, "दहा दिवस झाले मायरा, पिशवी तिथेच आहे. ती पिशवीवरून पाय टाकून कपडे वाळत घालायला जाते. बोलत काहीच नाही. रागावलीय का गं? तू विचारून बघ."

मी आर्डिसला विचारलं.

"राग नाही," ती म्हणाली. "राग असता तर बरं झालं असतं. रागात माणूस दोन एकर पेरून येतं. मी दमलेय, मायरा." मग म्हणाली, "रात्री झोपते तरी सकाळी दमलेली असते. हे मी कुणाला सांगू? दमलेय म्हटलं की हे म्हणतात, मग उद्या कर."

तेवीस वर्षांत तिच्या तोंडून मी तो शब्द पहिल्यांदा ऐकला.

सप्टेंबरच्या पहिल्या सुट्टीला आम्ही गेलो. लायल गाडीतून उतरला आणि त्याला व्हरांड्यातली पिशवी दिसली.

"अजून पेरलं नाही?"

"नाही," आर्डिस म्हणाली.

"पण वेळ जातोय."

"जातोय खरा."

"मग?"

"पिशवी इथे आहे. यंत्र गोठ्यात आहे, खिळ्याला."

वेंडेल म्हणाला, "तिचा खांदा दुखतो रे."

"खांद्याचं नाव घेऊ नकोस, वेंडेल," आर्डिस म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "खांदा गेल्या वर्षीही दुखत होता."

लायलचे कान तांबडे झाले. त्याने पिशवी उचलली आणि गेला. दुपारभर टेकडीवरून ट्रॅक्टरचा आवाज येत होता. आम्ही दोघी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होतो. तो मागे दातेरी कुळव लावून माती उलटीपालटी करत होता, बी टाकून झाल्यावर. आर्डिसने तोंड उघडलं आणि मिटलं. संध्याकाळी तो आला, पाठ धरून, पण खूश. "चांगलं खोल गाडलंय. पक्ष्यांना दाणा मिळायचा नाही."

रात्रीची भांडी घासताना मी तिला हळूच विचारलं, "खोल जातंय हे दिसत होतं तुला. सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर 'दाखव' म्हणाला असता. दाखवायला गेले असते तर पेरून आले असते."

नोव्हेंबरात टेकडीवर तपकिरी माती होती आणि कडेने थोडा गेल्या वर्षीचा क्लोव्हर. तिघं भाऊ अंधारात मचाणावर चढायचे आणि अंधार पडल्यावर उतरायचे. नऊ दिवसांत क्लेटनने एक मादी मारली, तीही घराच्या रस्त्यावर, परत येताना. बाकी वेळ लायलची चेष्टा.

"तुझ्या शेतात काय स्वच्छता आहे!" क्लेटन म्हणायचा. "एक काडी नाही. हरणं पाय पुसून येत असतील."

"ऊन नव्हतं सप्टेंबरात," लायल म्हणायचा.

"मातीखाली ऊन कसं असेल?"

आर्डिस बटाट्याची हॉटडिश, म्हणजे भट्टीत भाजलेला बटाटा-मांसाचा एकच मोठा थर, टेबलावर ठेवून बसली होती. एकच पदार्थ, रोज. पूर्वी त्या नऊ दिवसांत तीन तीन गोड पदार्थ व्हायचे. कुणी विचारायचं धाडस केलं नाही. सातव्या दिवशी क्लेटनने काटा खाली ठेवला. "आर्डिस, पुढच्या वर्षी तू जरा..."

"बी मी निवडीन," ती म्हणाली. "चिठ्ठी मला वाचता येते. कधी, किती, कसं ते कागदावर लिहून देईन. वर मी जाणार नाही."

"बघायलासुद्धा नाही?" लायलने विचारलं.

"बघायला गेले की माझे हात आपोआप चालतात. ते मला माहीत आहे आणि तुम्हालाही माहीत आहे."

या फेब्रुवारीत भाऊ जमले तेव्हा कॅटलॉग निघाले नाहीत. आर्डिसने एक कागद टेबलावर ठेवला, शाळेच्या पाककृती लिहायची तशा अक्षरात. मार्चमध्ये, पहाटे जमीन गोठून भेगाळलेली असताना, नुसता क्लोव्हर वरून टाकायचा. काहीही ओढायचं नाही, फिरवायचं नाही. रात्रीची थंडी आणि दिवसाचं ऊन मिळून बी आपोआप आत घेतात. चिकोरीला मार्च सोसत नाही, ती मे महिन्यात. खाली रेघ मारून लिहिलं होतं: निळी फुलं आली की कापायचं, मारायचं नाही. लायलने ते वाचलं आणि कागदाचा फोटो काढून ठेवला.

मार्चच्या दुसऱ्या शनिवारी क्लेटन आणि लायल सहाला उठून टेकडीवर गेले. बाहेर पांढरं दंव होतं, पाऊल टाकलं की जमीन पापडासारखी मोडत होती. मी कॉफी केली. आर्डिस झोपेच्या कपड्यांवर स्वेटर घालून टेबलापाशी बसली, दोन्ही हातांत कप धरून. वेंडेल त्याच्या खुर्चीत. ती खिडकीकडे पाठ करून बसली होती, पण मला कळत होतं की ती ऐकतेय.

फोन वाजला. तिनेच उचलला.

"आर्डिस," लायलचा आवाज मलाही ऐकू येत होता. "यंत्राचं तोंड किती उघडायचं?"

"बाजूला आकडे आहेत बघ. तीन. आणि सावकाश फिरव."

तिने फोन ठेवला. दोन घोट झाले नाहीत तर परत वाजला. या वेळी क्लेटन. "अगं, बी पडतंय की नाही तेच दिसत नाही. फार विरळ वाटतंय."

"ते तसंच वाटतं. आणखी टाकू नका."

"एकदा येऊन बघतेस का? पाच मिनिटं. गाडी पाठवतो खाली."

"कागद वाच," ती म्हणाली आणि ठेवला.

दाराजवळ तिचे रबरी बूट होते, तिची नजर तिकडे गेली आणि तिथेच राहिली. खरं तर पाच मिनिटांचंच काम होतं. ती गेली असती तर दोन्ही एकर सारखे उगवले असते, हे तिला माहीत होतं, मलाही. टेबलाच्या कडेवर तिची बोटं दाबलेली दिसली, उठताना माणूस दाबतं तशी.

फोन तिसऱ्यांदा वाजला. एकदा, दोनदा, तीनदा. आर्डिस त्याच्याकडे नुसती बघत होती. वेंडेल खुर्चीतून उठला. त्याला उठायला वेळ लागतो, दोन्ही हातांनी रेटा द्यावा लागतो. तो फोनपर्यंत चालत आला आणि त्याने उचलला.

"हं," तो म्हणाला. मग बराच वेळ ऐकत राहिला. आर्डिस त्याच्यासमोर हातभर अंतरावर बसली होती, हातात कप, डोळे उघडे. तिच्याकडे बघतच तो म्हणाला, "नाही रे. ती झोपलीय."

त्याने फोन ठेवला. आर्डिसने उरलेली कॉफी सिंकमध्ये ओतली, कप विसळून पालथा घातला आणि आत जाऊन खरोखरच झोपली.